टकमकने काय मोजलं?

एक कोडं घालते. दोन किलोमीटर उंच गेलेला फुगा मला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू मी एका दमात बसवते. बाईंनी एकदा वाचून दाखवलेला धडा मला जसाच्या तसा पाठ होतो. तरीही सहावीत असताना ‘पाऊस’ हा शब्द वाचायला मला अर्धं मिनिट लागायचं, आणि घाईत तो मी ‘पावटा’ असाही वाचून टाकायचे. असं का?

आमच्या शाळेने याचं उत्तर दोन शब्दांत काढलं होतं: आळशी आणि लबाड. ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी केतकी बाबर. साताऱ्याच्या वरच्या अंगाला पवनचक्क्यांभोवती वसलेलं पवनपठार हे आमचं गाव. इथले निम्मे लोक चक्क्यांची देखभाल करतात, माझे बाबाही त्यातलेच. वाऱ्याचा अंदाज लागावा म्हणून आमची शाळा दर शनिवारी सकाळी एक फुगा आकाशात सोडते. त्याला खाली हवामापी डबी (उंचावरचं तापमान, दाब आणि आर्द्रता मोजून रेडिओने खाली कळवणारी डबी) बांधलेली असते. हे काम करणाऱ्या सहा मुलांचा आकाशगट होता आणि मी त्या गटात कुलपाशी उभी राहायचे. फुग्याची दोरी एका यांत्रिक कुलपात अडकवलेली असते. सगळं तपासून झालं की कुलपाच्या छोट्या पडद्यावर एक शब्द उमटतो, दर वेळी नवा, म्हणजे कुणी सवयीने, न बघता फुगा सोडू नये. तो शब्द मोठ्याने वाचला तरच कुलूप उघडतं. माझी मैत्रीण जुबेदा मुलाणी माझ्या मागे उभी राहून तो हळूच सांगायची आणि मी खणखणीत म्हणायचे. दीड वर्ष हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता टकमकबद्दल. त्याचं खरं नाव वाचनमापक, सहावीच्या चाचणीसाठी चार वर्षांपूर्वी शाळेत आलेलं. पाण्याच्या पिंपाएवढं यंत्र, वर दोन कॅमेरे, मध्ये पडदा. मूल पडद्यावरचं वाचतं, यंत्र ऐकतं आणि मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले ते सांगतं. ते एकटक बघत राहायचं म्हणून आम्ही त्याला टकमक म्हणायचो. मुख्याध्यापक शेडगे सरांनी त्याच्यासाठी एक धडा कायमचा ठरवून दिला होता, मधमाश्यांचा. सगळ्यांना सारखी संधी, असं त्यांचं म्हणणं. जूनपासून आमचा एकतीस जणांचा वर्ग रोज सकाळी तोच धडा एका सुरात म्हणायचा. बाई एक ओळ सांगणार, आम्ही ती छपराला लावणार. एका सुरात म्हणताना कोण वाचतंय आणि कोण नुसतं म्हणतंय हे कुणालाही कळत नाही. मला हे बरोबर ठाऊक होतं.

जुलैत चाचणी झाली. माझी पाळी आली तेव्हा टकमकच्या आत काहीतरी गडबड झाली आणि मधमाश्यांच्या जागी पुढचा धडा उमटला, कुंभाराच्या चाकाचा. मला ते कळलंच नाही. मी पडद्याकडे बघत, आवाजात चढउतार करत, मधमाश्यांचा धडा सुरू केला. सहा ओळी म्हणून झाल्या. सगळा वर्ग फिदीफिदी हसायला लागला. टकमक आपल्या गोड आवाजात म्हणालं, “वाचक पडद्याकडे पाहत आहे, पण पडद्यावरचे वाचत नाही. वेग शून्य.”

दुसऱ्या दिवशी सरांनी आईबाबांना बोलावून घेतलं. आईने सगळं सांगितलं. चष्मा करून झाला होता, डोळ्यांचे व्यायाम झाले होते, डोक्याला ब्राह्मीचं तेल झालं होतं, चुकलेला शब्द पन्नास पन्नास वेळा लिहूनही झाला होता. सरांनी मान डोलावली आणि निकाल सांगितला. मिनिटाला साठ शब्द येईपर्यंत मी तयारी वर्गात बसायचं. आकाशगट बंद, कारण जिला शब्द वाचता येत नाही तिच्या हाती कुलूप देणं धोक्याचं. आणि माझ्या नोंदपत्रावर एक शब्द लिहिला गेला: फसवणूक. दिवाळीनंतरच्या पालकसभेत पुन्हा बघू, नाही जमलं तर वर्ष तिथेच काढायचं.

तयारी वर्ग सामानाच्या खोलीला लागून होता. नऊ मुलं, पहिलीच्या खुर्च्या, आणि दिवसभर चित्रात रंग भरायचे. तिथे सुनंदा नावाची चौदा वर्षांची मुलगी होती. गुडघे बाकात मावत नाहीत म्हणून ती तिरकी बसायची. दोन वर्षांपासून ती तिथे तयारी करत होती. कसली, ते तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी आमच्याकडे तात्याआजोबा आले. हे आईचे मामा, डॉ. गजानन पिसाळ. त्यांनी आयुष्यभर माणसाचा मेंदू कसा शिकतो याचा अभ्यास केला आणि त्यावरून यंत्रं बनवली. निवृत्त झाल्यावर ते खालच्या वाडीत छोटी कार्यशाळा थाटून राहत होते. आईने चहा देता देता माझी हकिकत सांगितली. वाचनमापकाचं नाव निघालं तसा त्यांनी कप खाली ठेवला, आणि चहा तसाच टाकून मला सोबत चल म्हणाले.

कार्यशाळेच्या कोपऱ्यात एक चादर होती. त्यांनी ती ओढली आणि मी दोन पावलं मागे सरले. खाली टकमक होतं. रंग न दिलेलं, तारा बाहेर लोंबणारं, पण तेच.

“हे मी बनवलं,” ते म्हणाले. “पहिलं यंत्र हेच.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. म्हणजे मला वर्गाबाहेर काढणारे तुम्हीच, असं मी मोठ्या माणसाला बोलू नये तसं बोलले. त्यांनी ते नाकारलं नाही. म्हणाले, “केतकी, मी हे तापमापकासारखं बनवलं होतं. कुणाला मदत हवी ते कळावं म्हणून. ताप आलेल्या पोरीला घराबाहेर काढण्यासाठी नव्हे.” त्यांचाही आवाज चढला होता. मला तेवढ्याने बरं वाटलं.

मग त्यांनी मला कामाला लावलं. यंत्राची मागची झाकणं उघडायला सांगितली. आत दोन पेट्या होत्या. एक कॅमेऱ्यांना जोडलेली बघण्याची, दुसरी ऐकण्या-बोलण्याची. दोन्हींच्या मध्ये तारांची एक जाडजूड वेणी. तात्यांनी पडद्यावर ‘पाऊस’ लिहिलं, यंत्राने वाचलं. मग त्यांनी वेणीतल्या बऱ्याचशा तारा सोडवल्या आणि पुन्हा तोच शब्द दाखवला. यंत्र म्हणालं, “पा… पाट… पावटा.”

मी दचकले. हे तर मीच.

तात्यांनी मला कॅमेरे तपासायला लावले. स्वच्छ होते. भिंतीवरचा डाससुद्धा यंत्राला दिसत होता. कानही ठीक, तोंडही ठीक. “मग बिघडलं काय?” त्यांनी विचारलं. मी वेणीकडे बोट दाखवलं. बघणं आणि ऐकणं यांच्यामधली वाट अपुरी पडत होती. म्हणजे चष्मा, व्यायाम, तेल, सगळं पाण्यात. जिथे दुखतच नव्हतं तिथे सगळे औषध लावत बसले होते.

यंत्राच्या आत ही वेणी कारखान्यात घालतात, मग माझ्या मेंदूत ती घालायला कुणी विसरलं का, असं मी विचारलं. तात्या म्हणाले, कुणाच्याच मेंदूत ती जन्मतः नसते. हे मला अगदी नवीन होतं, म्हणून सावकाश सांगते.

माणूस बोलायला लागून लाखभर वर्षं तरी झाली असावीत. एवढ्या काळात मेंदूत बोलण्या-ऐकण्याच्या जागा पक्क्या झाल्या, म्हणून तान्ही पोरं कुणी न शिकवता बोलायला लागतात. लिहिणं मात्र जेमतेम पाच हजार वर्षांचं. मेंदूच्या मानाने ती कालपरवाची गोष्ट. वाचनासाठी वेगळी जागा तयार व्हायला वेळच मिळालेला नाही. म्हणून वाचायला शिकताना प्रत्येक मूल उसनवारी करतं. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातला एक तुकडा अक्षरांसाठी वापरायला घेतं आणि तिथून बोलण्याच्या भागापर्यंत नवी वाट पाडतं. ही वाट मेंदूपेशींची (ज्यांच्या जाळ्यातून मेंदूत निरोप फिरतात त्या बारीक पेशींची) असते. जितकं चालावं तितकी ती रुळते.

“काही मेंदूंना ही वाट पाडायला जास्त कष्ट पडतात,” तात्या म्हणाले. त्याचं कारण बहुतेकदा आवाजात असतं. ‘मगर’ या शब्दात म, ग, र असे तुकडे आहेत. पुष्कळ मुलांना ते आपोआप सुटे ऐकू येतात. काहींना अख्खा शब्द एका गोळ्यासारखा ऐकू येतो. गोळाच फुटत नसेल तर कुठलं अक्षर कुठल्या तुकड्याला जोडायचं? मग मूल पहिलं अक्षर बघतं आणि पुढचं अंदाजाने ठोकून देतं. याला डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन आणि लेखन जड जाण्याची मेंदूची जन्मजात ठेवण) म्हणतात. त्याचा हुशारीशी संबंध नाही आणि आळसाशी तर मुळीच नाही. बहुतेक प्रत्येक वर्गात असं एखाद-दुसरं मूल असतंच, आणि पुष्कळदा ते घराण्यातून येतं. हे ऐकून मला बाबांची आठवण झाली. चक्कीचं कुठलंही यंत्र ते डोळे मिटून जोडतात, पण सूचनापत्रक आलं की आईकडे सरकवतात.

“म्हणजे मी बरी होणार नाही?” मी विचारलं.

“तू आजारीच नाहीस. वाट पाडायची आहे. तुझ्या बाजूला कातळ आहे, इतरांच्या बाजूला माती. वेळ लागेल आणि तुला कुदळ नीट हवी. इतके दिवस तुझ्या हातात चमचा दिला होता.”

दुसऱ्या दिवसापासून रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास. आधी चिंचोके. तात्या एक शब्द म्हणायचे, मी तो आवाजांत फोडायचा आणि दर आवाजाला एक चिंचोका पुढे सरकवायचा. अक्षर नाही, पाटी नाही, नुसता कान. पहिल्या आठवड्यात मी ‘कमळ’ला दोनच चिंचोके सरकवले आणि चिडून सगळे उधळून दिले. तात्यांनी ते एकेक करून वेचले आणि पुन्हा ‘कमळ’ म्हणाले.

मग ताटात रवा पसरून अक्षरं. बोटाने गिरवायचं, त्याच वेळी तोंडाने आवाज काढायचा, डोळ्यांनी बघायचं. हात, कान, तोंड, डोळे असे चौघे एकाच वेळी कामाला लावले की वाट लवकर रुळते, असं तात्यांचं म्हणणं. एका दिवशी एकच नवं अक्षर, आणि आधी कालची सगळी. पहिल्या वेलांटीवर तर माझा खास राग होता. ती अक्षराच्या आधी उभी राहते आणि ऐकू येते मागून. तात्या म्हणाले, हा खरोखरीचा चढ आहे, तुझी चूक नाही, आणि आम्ही दहा दिवस नुसत्या वेलांट्या गिरवल्या. ‘दिवा’, ‘किडा’, पुन्हा ‘दिवा’.

विज्ञान आणि इतिहास मात्र मी कानाने शिकायचे. पुस्तक वाचून दाखवणारं यंत्र घरी होतंच, फक्त शाळेत ते वापरायला मनाई होती. पाय दुखतो म्हणून कुणी पोराची भाकरी बंद करत नाही, असं आई वैतागून म्हणाली होती. वाचन शिकेपर्यंत बाकीचं शिकणं का थांबवायचं?

दिवाळी संपली आणि पालकसभा आली. तात्यांनी सरांकडे तासभर वेळ मागितला होता. त्यांची मागणी साधी होती. माझी चाचणी घ्या, पण सगळ्या वर्गाचीही घ्या, आणि प्रत्येकाची वेगळ्या, नव्या पानावर. एकतीस छोटी पानं त्यांनी त्या आठवड्यात लिहिली होती, पहिलं सायकलचं पंक्चर कसं काढायचं यावर, सगळी पाचवीच्या मुलाला जमतील अशी. सर म्हणाले, अचानक नवं पान दिलं तर मुलं घाबरतील. तात्या शांतपणे म्हणाले, “जुलैत केतकीपुढे नवंच पान आलं होतं.”

पालकांसमोर सरांना नाही म्हणता येईना, आणि बाहेर थांबलेल्या वर्गाला आत बोलावलं.

पहिला नंबर शार्दूल घाडगेचा. जुलैत मिनिटाला एकशे अठरा शब्द, शाळेच्या फलकावर फोटो. पडदा उजळला मात्र, त्याने नेहमीच्या सुरात सुरुवात केली, “मधमाश्यांचं गाव फुलांच्या आसऱ्याने…” पानावर पंक्चर होतं. टकमकने त्याला दोन ओळी म्हणू दिल्या आणि मग त्याच गोड आवाजात म्हणालं, “वाचक पडद्याकडे पाहत आहे, पण पडद्यावरचे वाचत नाही. वेग शून्य.”

कुणीही हसलं नाही. मला हसायचं होतं, पण शार्दूलचा चेहरा बघितला आणि हसू आलंच नाही. जुलैत माझा चेहरा असाच झाला असणार. त्याला पुन्हा संधी दिली. आकडा आला चोपन्न. जुबेदाचा एकावन्न. तासाभरात सगळा वर्ग झाला आणि साठच्या वर एकही गेला नाही.

टकमकने चार वर्षं वाचन मोजलंच नव्हतं. त्याने मोजलं होतं पाठांतर. रोज तोच धडा, तोच सूर, तीच परीक्षा. जे तीस जणांनी केलं तेच मीही केलं होतं. फरक इतकाच, की माझ्या पाळीला पान बदललं. त्यांना शाबासकी मिळाली आणि माझ्या नोंदपत्रावर फसवणूक आली. मी उभी राहिले.

“सर, साठच्या खाली असेल तो तयारी वर्गात, असा नियम आहे ना? मग या सगळ्यांसाठी छोट्या खुर्च्या आणायच्या का?”

आईने माझा हात दाबला. तात्यांनी मला पडद्यासमोर जायची खूण केली.

मी वाचलं. प्रत्येक आवाजाला अंगठा एकेका बोटावर टेकवत, चिंचोक्यांसारखा. मधे एकदा अडकले, मागे गेले, पुन्हा आले. टकमक म्हणालं, “वाचक पडद्यावरचे वाचत आहे. वेग एकोणीस. चूक एक.” एकोणीस हा आकडा लहान आहे, मला माहीत आहे. पण ते एकोणीस शब्द मी वाचले होते, कुणाचे ऐकून म्हटले नव्हते. मागच्या बाकावर बाबा बसले होते आणि त्यांचा अंगठाही बोटांवर फिरत होता.

सरांनी त्या दिवशी माफी मागितली नाही. आठवड्याने माझ्या नोंदपत्रावरून तो शब्द गेला आणि मी माझ्या वर्गात परत आले. मधमाश्यांचा धडा बंद झाला. तात्यांनी टकमकमध्ये बदल केला. ते आता वेगाचा आकडा सांगत नाही, मूल कुठल्या आवाजावर अडतं ते बाईंना सांगतं, आणि पान रोज नवं दाखवतं. तयारी वर्गाच्या बाई आता रंगांऐवजी चिंचोके आणि रव्याची ताटं घेऊन बसतात. सुनंदाला मोठी खुर्ची मिळाली. दोन वर्षं गेली ती गेलीच, ती तिला कोण परत देणार? हे मी सरांना विचारलं होतं. अजूनही विचारते.

आकाशगटाचं राहिलं. कुलपाच्या पडद्यावरचा शब्द दहा सेकंदांत पुसला जायचा आणि दहा सेकंद मला पुरणार नव्हते. ते कुलूप ज्यांचं होतं त्या हवामान केंद्राला तात्यांनी एक संदेश धाडला. केंद्राने उलट टपाली तो अवधी तीस सेकंद केला, आणि फुग्याला काही फरक पडत नाही असंही कळवलं. एक संदेश. मला पाच महिने बाहेर ठेवण्याऐवजी एवढंच करायचं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मी पुन्हा कुलपाशी उभी राहिले. बाकीची तपासणीची यादी माझ्या कानात यंत्र वाचत होतं. फुगा डोक्यावर ताणून डुलत होता, दोरी कुरकुरत होती. जुबेदा माझ्या मागेच होती. पडद्यावर शब्द उमटला. पहिली वेलांटी. मी अंगठा पहिल्या बोटावर टेकवला.

नि. मग व. पुढच्या अक्षराला उकारही होता आणि वर टिंबही. मी थांबले. मागे जुबेदाने श्वास आत घेतला, तिला शब्द केव्हाच कळला होता. पण ती गप्प राहिली. सगळेच गप्प राहिले, सर आणि तात्याही. अकरा सेकंद लागले, असं बघायला आलेल्या सुनंदाने नंतर सांगितलं, ती मोजत होती.

“निवडुंग,” मी म्हणाले.

कुलूप खट्‌कन उघडलं आणि फुगा सुटला. तो ठिपक्याएवढा होईपर्यंत आम्ही माना वर करून उभे होतो. मग सुनंदा माझ्याजवळ आली, कुलपाच्या कोऱ्या पडद्यावरून तिने बोट फिरवलं आणि विचारलं, दर वेळी नवाच शब्द येतो का. हो म्हटलं तर म्हणाली, “मग पुढच्या उन्हाळ्यात एकदा मी उभी राहीन. मला कुणी सांगायचं नाही.”

मी कबूल केलं.